एका हाकेला ओ देऊ नये

घरात भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी उठून भांडी घासायला जातो, असं माझी बायको सगळ्यांना सांगते. खोटं नाही ते. मोहोपाड्याच्या एका केमिकल फॅक्टरीत मी कैक वर्षं मेंटेनन्सला आहे, शिवाय आमच्या प्लांटच्या रेस्क्यू टीममध्ये. प्रत्येक आवाजाला कारण असतं, सापडत नसेल तर तुम्ही नीट शोधलेलं नाही... हे मी ट्रेनिंगमध्ये नवीन लोकांना सांगतो. त्यामुळे हे लिहिताना मलाच चोरट्यासारखं वाटतंय. पण इथे बरीच हुशार मंडळी आहेत, कुणाला कारण सापडलं तर बरंच होईल.

आमचं गाव खालापूर तालुक्यात. बायको - सुनीता - शनिवार-रविवारी फार्महाऊसवर येणाऱ्या पाहुण्यांना चुलीवरचं जेवण करून देते. पाटीवर 'चुलीवरचं' लिहिलं की गुपचूप गॅस लावता येत नाही, लोक धुराचा वास शोधत मागच्या दारी येतात. आणि चुलीला लाकूड किती लागतं ते चूल पेटवणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून मी एक सेकंडहँड चेनसॉ, म्हणजे लाकूड कापायचं पेट्रोलचं मशीन, घेतला... आणि मला फुकटच्या लाकडाचं वेड लागलं. पावसाळ्यात इकडे लोक धबधबे बघत फिरतात, मी पडलेली झाडं बघत फिरायचो. कुणाच्या बांधावर आंबा पडला, कुणाच्या कंपाऊंडवर शिरीष आडवा झाला की मी हजर. "मोकळं करून देतो, लाकूड माझं." फुकट ते पौष्टिक, दुसरं काय!

गेल्या पावसात पळसदरी आणि केळवलीच्या मधे, रेल्वेलाईन ओलांडून डोंगराकडे आत गेलं की एक प्लॉट लागतो, तिथे ओढ्याच्या उतारावर ऐनाचं एक जुनं झाड मुळासकट उपटून पडलं होतं. मालक मुंबईचे. फोनवर म्हणाले, घेऊन जा बाबा. नोव्हेंबरच्या अखेरीस लाकूड जरा वाळल्यावर, माझ्या वीकली ऑफच्या दिवशी, मी आणि माझा मेहुणा संदीप त्याचा टेंपो घेऊन सकाळीच पोचलो.

दोन तासांत फांद्यांचे तुकडे करून टेंपो भरला. तेवढ्यात वरच्या ठाकर आदिवासींच्या वाडीतली एक बाई आली. पन्नाशीची असेल, डोक्याला चुंबळ, हातात कोयता. हिराबाई तिचं नाव, हे मला नंतर कळलं. भरलेला टेंपो तिने नीट बघून घेतला.

"दादा, फांद्या तरी ठेवायच्या व्हत्या. आमी बाया पावसापासनं वाट बघतोय, वाळायची."

"मावशी, मालकाने मला दिलंय. खोटं वाटत असेल तर फोन लावून विचारा."

"आमचा फोन कोन उचलतंय," ती म्हणाली.

वाडीतल्या बायका मोळ्या बांधून डोक्यावर नेतात. त्यांना जे दोन महिने पुरलं असतं ते मी दोन तासांत टेंपोत भरलं होतं. हे मला तेव्हाही दिसत होतं, दिसत नव्हतं असं नाही. पण मी मशीनची दोरी ओढली आणि त्या आवाजात तिचं पुढचं बोलणं ऐकू आलं नाही. ती ओढ्याच्या पलीकडे झाडीत निघून गेली.

अकराच्या सुमारास संदीप पहिली खेप घरी टाकायला गेला, तासाभरात येतो म्हणून. एकट्याने मशीन चालवू नये हा पहिला नियम, मीच लोकांना शिकवतो. पण मोठं खोड तेवढं राहिलं होतं. एका टोकाला मुळांचा गड्डा मातीसकट उभा, आणि खोड उताराला आडवं. अर्धं कापून झालं आणि मशीन बंद पडलं. दोरी ओढून ओढून प्लग पेट्रोलने भिजला. मी मशीन वरच्या अंगाला एका सपाट दगडावर ठेवलं, प्लग काढला, पुसला, जरा वाळू दे म्हणून शर्टाच्या खिशात टाकला आणि पाणी प्यायला सावलीत बसलो. सावली खोडाच्या खालच्या अंगाला होती... अर्ध्या कापलेल्या खोडाच्या खाली, उतारावर. इतका मूर्खपणा मी दुसऱ्या कुणाचा बघितला असता तर त्याला टीममधून काढला असता.

कडाड असा एकच आवाज झाला. मुळांचा गड्डा परत खड्ड्यात बसला आणि राहिलेलं खोड अर्धा वळसा घेऊन माझ्यावर आलं. उजवी मांडी खोड आणि खडक यांच्या मधे. छातीवर एक जाड फांदी आडवी, पुरी दाबत नव्हती, पण मोठा श्वास घेऊ देत नव्हती. दुखणं नंतर आलं. आधी मला फक्त एवढंच कळलं की पाय माझ्या सांगण्यात राहिलेला नाही.

फोन पिशवीत होता आणि पिशवी पलीकडच्या करवंदीच्या जाळीला अडकवलेली. हात लांब केला तरी दोन-अडीच माणसांचं अंतर. थोड्या वेळाने तो वाजायला लागला. सुनीताची रिंगटोन वेगळी ठेवली आहे, त्यामुळे तीच आहे हे कळत होतं. वाजून वाजून थांबला. परत वाजला. मी तिचं नाव पुटपुटत होतो, जणू काही तिला ऐकू जाणार होतं.

आमच्या ट्रेनिंगमध्ये असं आहे - अडकलात तर ओरडत सुटू नका, श्वास संपतो. एक हाक मारा, थांबा, ऐका. मी तसंच केलं. सगळा दम गोळा करून "ओ मावशी" अशी एक हाक मारली आणि ऐकत राहिलो. ओढ्यापलीकडे कोयत्याचा आवाज येत होता, खट... खट... माझी हाक गेली आणि कोयता थांबला.

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. आता येईल, आता पानं वाजतील. पण काहीच वाजलं नाही. बऱ्याच वेळाने कोयता परत सुरू झाला... आणि तो आधीपेक्षा लांब होता.

मी दम गोळा करून दुसऱ्यांदा हाक मारली. कोयता थांबला. मग आणखी लांब गेला. तिसऱ्या हाकेनंतर तो ऐकूच आला नाही.

तिने ऐकलं होतं. ऐकून ती निघून गेली होती. सकाळच्या टेंपोभर लाकडाचा सूड... असंच मला वाटलं, आणि मी तिला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. आवाज निघत नव्हता, तरी दिल्या. मग रडलो. खोपोलीकडे जाणारी गाडी खालून गेली, बऱ्याच वेळाने परतीची गेली, संदीपचा पत्ता नाही. फांदीवरून मुंगळे मानेवर उतरत होते, हाताने झटकले की दुसरे यायचे. पायातलं दुखणं हळूहळू कमी झालं, आणि ते चांगलं लक्षण नाही हे मी स्वतःच लोकांना शिकवतो. आपण इथेच, भर दुपारी, रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर मरणार, हे माझं पक्कं झालं होतं.

एक गोष्ट मी शपथेवर सांगतो. त्या सगळ्या वेळात मी शुद्धीवर होतो, आणि चेनसॉ माझ्या डोळ्यांसमोर त्या दगडावर होता. मी त्याच्याकडेच बघत होतो, कारण मान दुसरीकडे वळत नव्हती. तो गप्प होता.

मग पानं वाजली, आणि एकदम माणसं. पुढे हिराबाई, मागे वाडीतले चार पुरुष, दोघांच्या हातात पहारी. तिने माझं डोकं मांडीवर घेतलं आणि पुरुषांवर ओरडली, "आरं बघताय काय रं, खालनं दगड लावा आदी, नायतर परत खाली येल." खोड उचकटताना मी जो ओरडलो ते म्हणे पार रुळांपर्यंत ऐकू गेलं. तेवढ्यात संदीप पोचला, त्याचा टेंपो वाटेत पंक्चर झाला होता. त्याच टेंपोतून मला कर्जतला नेलं.

पाय वाचला. आत रॉड आहे, पण पाय माझा आहे. अजून उशीर झाला असता तर कापावा लागला असता, असं डॉक्टरांनी सांगितलं.

तिसऱ्या दिवशी संदीप दवाखान्यात बसला होता. म्हणाला, "दाजी, काहीही म्हणा, तुमचं डोकं चाललं पण. मशीन तीनदा चालू-बंद केलंत ते."

मी म्हटलं, कुठलं मशीन?

"वाडीवाले सांगत होते ना. तुमची हाक कळली नाही त्यांना. मशीन वाजलं, थांबलं, वाजलं, थांबलं... असं तीनदा. म्हणून तर धावले."

सुनीता तिथेच होती, तिने खाटेशेजारच्या कपाटातून एक पिशवी काढली. माझे त्या दिवशीचे कपडे नर्सने कापून काढले होते, आणि खिशातल्या वस्तू तिच्याकडे दिल्या होत्या. किल्ल्या, तंबाखूची पुडी, आणि प्लग. संदीपने प्लग उचलून उलटसुलट करून बघितला. मशीन त्यानेच उचलून आणलं होतं, आणि प्लगची वायर नुसती लोंबकळत होती हे त्यानेही पाहिलं होतं, फक्त तोवर त्याचा अर्थ लागला नव्हता. ज्यांना मशीनमधलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो - प्लगशिवाय इंजिन चालू होत नाही. दोरी ओढली तर नुसती फुसफुस होते. आणि दोरी ओढायला मशीनपाशी कुणीतरी असावं लागतं.

मी गप्प बसणारा नाही. प्लॉटमालकाला विचारलं, त्या भागात दुसरं कुणी लाकूड कापत होतं का. नाही. लाईनमन तारेखालच्या फांद्या तोडत होते का, तेही नाही. बाईक असेल म्हटलं, तर तिथे बाईक जात नाही. भास म्हणावा तर पाच जणांना एकदम कसा होईल? त्यातले दोघे शेतावर होते, दोघे वाडीत, हिराबाई ओढ्यापलीकडे. आणि मी, सगळ्यात जवळचा, मला काहीच ऐकू आलं नाही.

काठीवर चालायला लागल्यावर मी आणि सुनीता वाडीत गेलो. सोबत टेंपोभर ऐनाचे तुकडे होते. हिराबाईने ते उतरवून घेतले, नको-बिको काही म्हणाली नाही. चहा झाला. त्या चौघांपैकी एक जण ओट्यावर बसला होता, त्याला मी तीन वेळच्या मशीनबद्दल विचारलं.

तो हसून म्हणाला, "आमच्यात जंगलात एका हाकेला ओ देत नाय, दादा. मानूस असंल तर लागोपाठ तीनदा मारंल. एकदाच मारून गप होतो तो मानूस नसतो. तुमी एकदा मारली आन गप. परत एकदा, आन गप. कोन येनार? पन मशीन तीनदा वाजलं म्हंटल्यावर आलो. भुताला कुटं मशीन चालवता येतंय?"

एक हाक मारा, थांबा, ऐका. मला माझं ट्रेनिंग आठवलं. मी स्वतःच्या हाताने माझी मदत लांब पाठवत होतो. आणि शिव्या तिला देत होतो! मी हिराबाईला तसं सांगून टाकलं, माफी मागितली. ती लाकडं रचत होती, हात थांबवला नाही.

"मी वाडीतल्यांसारकी भ्याले न्हवते," ती म्हणाली. "मला वाटलं, त्यांची हाय."

"कुणाची?"

"आमच्या घरधन्यांची. चार वर्सं झाली. वर डोंगरात फांदी तोडताना पडले. मी खाली फाटी गोळा करत व्हते. एक हाक आली. मी काम टाकून उबी ऱ्हायले, म्हंटलं दुसरी येऊ दे. दुसरी आलीच नाय." तिने एक तुकडा उचलून नीट बसवला. "तवापासनं ती एक हाक मला मदी मदी येती. आली की मी लांब जाते. तुमची आली, तवा बी लांब गेले, तिनी येळा."

सुनीताने माझा दंड घट्ट धरला होता.

"मग मशीन तिसऱ्यांदा वाजल्यावर निघालात?" मी विचारलं.

"तिसऱ्याला वाडीवाले निगाले," हिराबाई म्हणाली. "मी दुसऱ्यालाच निगाले. तिसऱ्यांदा वाजलं तवा मी मानसं आनायला वाडीच्या वाटंवर व्हते, पळत."

माझ्याकडे आणखी बरेच प्रश्न होते, कागदावर लिहूनच नेले होते. आवाज किती वेळ चालला, कुठून आला, मधे किती अंतर... एकही विचारता आला नाही. त्या आवाजाचं कारण मला आजही सापडलेलं नाही, आणि खरं सांगतो, तिच्या दारात बसून ते शोधायची माझी हिंमत नाही.