पिठाच्या डब्यामागचं गाठोडं

पार्सल ऑफिसात सगळे त्यांना ग्रॅमराव म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, मागेही म्हणायचे, आणि ग्रॅमरावांना त्याचं वाईट वाटायच्या ऐवजी बरंच वाटायचं. एकतीस वर्षं ते काट्यासमोर बसले. गिऱ्हाइकाने खोकं खिडकीत सरकवलं की ते आधी हाताने तोलून आकडा सांगायचे, आणि काटा बिचारा त्यांच्या मागोमाग तिथेच येऊन थांबायचा.

बायको इस्पितळात, चादरींच्या खोलीत कामाला होती. धुवायला किती गेल्या, किती आल्या, कुठल्या खाटेचा अभ्रा परत आला नाही, सगळं तिच्या डोक्यात. समोर वही असायची, पण ती मोठ्या नर्सच्या समाधानापुरती. वही चुकेल, ही चुकायची नाही, असं डॉक्टरसुद्धा म्हणायचे. अंगावर दागिना नसला तरी हा एक दागिना तिने जन्मभर मिरवला. तिची आई मात्र शेवटची सहा वर्षं पोटच्या पोरींनाही ओळखत नव्हती. भरवायला बसलेल्या दोघी बहिणींना विचारायची, तुम्ही कुणाच्या गं? तेव्हापासून "विसरले" हा शब्द तिने कधी थट्टेतही तोंडातून काढला नव्हता.

दोघं निवृत्त झाली आणि आठ दिवस सायकलवर फिरून यायचं ठरलं. लग्नाआधी दोघं सायकलवरच भेटायची, म्हणून ही हौस. हौस ठरली आणि भांडण सुरू झालं, कारण सामान भरायचं होतं.

ग्रॅमरावांनी टूथब्रशाची दांडी करवतीने अर्धी कापली. साबण अर्धा केला. शर्टांच्या गळ्यामागच्या पट्ट्या उसवल्या. नकाशाच्या पांढऱ्या कडासुद्धा कात्रीने कापून टाकल्या. त्यांच्या दोन्ही पिशव्या मिळून भरल्या सहा किलो. बायकोच्या भरल्या नऊ. तिचा एकच मंत्र होता, असू दे. सुई-दोरा असू दे, जादा टॉवेल असू दे, कपडे वाळवायला दोरी असू दे. ते म्हणाले, चढावर रडशील. ती म्हणाली, "मी वाहतेय ना? तुमच्या पाठीवर बसून येत नाहीये."

एवढ्यावर सोडायला हवं होतं. पण निघायच्या दिवशी सकाळी ती कुंड्यांना पाणी घाला म्हणून सांगायला शेजारणीकडे गेली, आणि हे काटा घेऊन तिच्या पिशवीपाशी उकिडवे बसले. तळाशी जुन्या चादरीच्या तुकड्यात बांधलेलं एक गाठोडं होतं. एक किलो तीनशे चाळीस. गाठ सोडून आत काय आहे ते पाहिलंही नाही. वजन कळलं, मग बाकी काय कळायचं राहिलं? गाठोडं पिठाच्या डब्यामागे सारलं आणि पिशवीचा पट्टा होता तसा आवळला. बेत साधा होता. आठ दिवसांनी घरी यायचं, गाठोडं पुढ्यात ठेवायचं आणि म्हणायचं, बघ, अडलं का काही?

अडलं पहिल्याच संध्याकाळी. पंचेचाळीस किलोमीटर झाले आणि ग्रॅमरावांना बसवेना. ऑफिसातल्या लाकडी खुर्चीने दिलेलं जुनं दुखणं, ते सायकलच्या सीटवर जागं झालं. मुक्कामाच्या खोलीत ते खिडकीपाशी उभेच राहिले, जणू बाहेर काहीतरी बघण्यासारखं आहे. बायको गालात हसली. "मला ठाऊक होतं. म्हणून तर गोल उशी आणलीय, मलम आणलंय, शेकायची पिशवी आणलीय. चारचौघांत तुम्हाला लाज नको म्हणून बांधून ठेवलंय."

तिने पिशवी उघडली. मग पलंगावर उलटी केली. एकेक वस्तू उचलून पाहिली, दुसरी पिशवी रिकामी केली, पुन्हा पहिलीत कोपरापर्यंत हात घातला.

"मी ठेवलं होतं," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "ठेवलं होतं ना हो मी?"

सांगायची वेळ तीच होती. जीभ उचलायला काही ग्रॅम लागत नाहीत. पण आपल्याच दुखण्याची औषधं आपणच घरी टाकून आलो, हे कुठल्या तोंडाने सांगावं, हे त्यांना सुचेना. आणि सुचेना म्हणताना जे सुचलं ते बोलून गेले.

"होतं गं असं. वय झालं आता."

ती पलंगाच्या कडेला बसली. हातातल्या टॉवेलची तिने घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली.

दुसऱ्या दिवशी रस्ता सरळ होता, वारा मागून होता, तरी ती मागे मागे राहिली. दर थांब्यावर उतरून पिशव्या चाचपायची. घराला कुलूप लावलं ना मी, असं तिने दुपारपर्यंत तीनदा विचारलं. ग्रॅमराव पायडलवर उभं राहून सायकल चालवत होते. ती शिक्षा त्यांना पुरेशी वाटायला लागली होती, तेवढ्यात ती चहाच्या टपरीवरच्या माणसाकडे पेन मागताना दिसली. तिने डाव्या तळहातावर लिहिलं. चहाचा पेला देताना यांनी वाचलं. चावी पुढच्या कप्प्यात. चष्मा गळ्यात.

हजार चादरी डोक्यात ठेवणारी बाई तळहातावर लिहीत होती. ग्रॅमरावांनी चहा अर्धाच ठेवला. आता सांगू, ते मनात म्हणाले. हा पूल ओलांडला की सांगू. पूल आला, गेला. पुढच्या गावात सांगू. गावही गेलं. चोरी करायला त्यांना दोन मिनिटं लागली होती, आणि कबुलीला दोन दिवस पुरत नव्हते.

संध्याकाळी ते टायरात हवा भरून आले, तर ती व्हरांड्यात थोरल्या बहिणीशी फोनवर बोलत होती. पाठ यांच्याकडे होती.

"ताई, आईचं असंच सुरू झालं होतं ना? आधी वस्तू, मग माणसं. नाही, यांना नाही सांगितलं. घाबरतील."

ग्रॅमराव हातात पंप घेऊन तिथूनच मागे फिरले. रात्रभर कुशीवर पडून राहिले. कुशीवर पडणं तसंही भाग होतं.

सकाळी त्यांनी बाहेर येऊन पाहिलं तर तिने सायकलींवर सामान चढवलं होतं, आणि तिच्या सायकलचं तोंड घराच्या दिशेला होतं.

"परत जाऊ," ती म्हणाली. "डॉक्टरांना दाखवून घेते. पुढे जाऊन उद्या तुम्हालाच ओळखलं नाही तर?"

हसत म्हणाली ती. ते हसणं त्यांना बघवेना.

"गाठोडं मी काढलं," ग्रॅमराव म्हणाले. "तू शेजारी गेली होतीस तेव्हा. तू ठेवलं होतंस. अगदी तळाला."

तिने विचारलं, "कुठेय?"

"पिठाच्या डब्यामागे."

"किती भरलं?"

त्यांनी मान खाली घातली. आकडा पाठ होता, पण जन्मात पहिल्यांदा तो सांगवेना.

ती रडली नाही, ओरडली नाही. भांडली असती तर ते सुटले असते. तिने थुंकी लावून तळहातावरची अक्षरं पुसली, पण शाई काही पुरती गेली नाही. मग फोन काढून नंबर लावला आणि त्यांच्या हातात दिला.

"ताई आहे. काल रडलीय ती माझ्यासाठी. मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

पार्सलं हरवल्याच्या तक्रारी ग्रॅमरावांनी पुष्कळ ऐकल्या होत्या, चूक आमची असं एकदाही म्हटलं नव्हतं. आता भर रस्त्यात, सायकलचं हँडल धरून, मेहुणीला सगळं सांगावं लागलं. उशी सांगावी लागली, मलम सांगावं लागलं, कुठे लावायचं तेही तिने विचारून घेतलं. शेवटी म्हणाली, "भाऊजी, दुखणं गेलं तरी तुम्ही बसू नका. थोडे दिवस उभेच राहा."

बायकोने तिच्या सायकलचं तोंड फिरवलं. पुढे जायचं ठरलं, असं ती बोलली नाही, पण निघाली. ग्रॅमराव मागून. त्यांच्या छातीवरचा दगड उतरला होता. आता दोन दिवसांत सगळं जागेवर येईल, असा त्यांनी अंदाजही बांधला.

दुपारी झाडाखाली थांबले तेव्हा ती अचानक म्हणाली, "कुलूप लावलं ना मी?"

"लावलंस की," ते घाईने म्हणाले. "दोनदा ओढून पाहिलंस. मी पाहिलं ना, शेजारीच उभा होतो."

तिने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. चादरी मोजून घेताना धोब्याकडे पाहायची, तसंच. मग फोन काढला, शेजारणीला लावला आणि जरा आमच्या दाराचं कुलूप ओढून बघता का, असं विचारलं.

शेजारीण जिना चढून जाईपर्यंत ती फोन कानाला लावून उभी राहिली. ग्रॅमराव दोन्ही सायकली धरून शेजारीच उभे होते.