भिंतीवरचा मुका मीटर

नोला ट्रेलोर घाबरट आहे हे वुराना खोऱ्यातल्या लहानथोरांना ठाऊक होतं. आभाळ भरून आलं की ती टीव्हीची पिन काढून ठेवायची. झोपण्याआधी घरातलं एकेक बटण बंद करत फिरायची, आणि तिचा नवरा क्लेम क्लबात बसून सगळ्यांना सांगायचा, "आमची म्हातारी टोस्टरच्या पाठीवर थोपटून त्याला झोपवते, मग मला ढकलते." लोक हसायचे. नोलाही हसायची, पण बटणं बंद करणं काही तिने सोडलं नाही. चाळीस वर्षं तिने त्याच्या जोडीने गाईंचं दूध काढलं होतं. चिडलेल्या वळूला फाटकाबाहेर काढायला ती कधी कचरली नव्हती. तिला भीती होती ती न दिसणाऱ्या गोष्टींची, आणि त्यात पहिला नंबर विजेचा.

जुना मीटर होता तोवर ही भीती तिला जरा आवरता येत असे. न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीवर मीटरची पत्र्याची पेटी होती. आत काचेमागे एक चकती फिरायची. गावात जायचं झालं की नोला पेटी उघडून चकतीकडे बघायची. चकती रेंगाळत असली म्हणजे घर शांत आहे. भरभर फिरत असली म्हणजे इस्त्री नाहीतर पंप चालू राहिलाय. मीटर वाचायला अर्नी यायचा. उंच, वाकलेला, बोलघेवडा. आकडा टिपायला त्याला क्षण पुरायचा आणि चहा-स्कोन्स खायला तास लागायचा. निवृत्त झाल्यावर त्याने टेकडीवरची जागा घेतली आणि तो ट्रेलोरांचा शेजारीच झाला.

मग वीज कंपनीची माणसं आली, चकतीचा मीटर काढून घेऊन गेली आणि पत्र्याच्या पेटीत त्या जागी पांढरा मीटर बसवून गेली. त्याच्यावर करडा पडदा आणि डोळा मिचकावणारा हिरवा दिवा.

"आता कुणी यायला नको, मॅडम," त्यांच्यातला एकजण म्हणाला. "मीटर टॉवरला सांगतो, टॉवर आम्हाला सांगतो."

"आणि मला कोण सांगतो?" नोलाने विचारलं.

"तुम्ही फोनवर बघायचं. दुसऱ्या दिवशी सगळं दिसतं."

अर्नी कुंपणाला टेकून उभा होता. त्याने पुढे होऊन मीटरच्या खालच्या अंगाला बोटं फिरवली, आंधळा माणूस चेहरा चाचपतो तशी. "सॉकेट कुठंय याला?"

"कसलं सॉकेट?"

"माझा भाचा हॉलंडला असतो. तिकडे मीटरलाच एक भोक ठेवलेलं असतं. साधी तार खुपसायची, दुसरं टोक स्वयंपाकघरातल्या डबीला. किती वीज येते, दाब किती, कमी झाला, जास्त झाला, मीटर क्षणाक्षणाला घरच्या माणसाला सांगतो. टॉवर नको, कंपनी नको."

"इथे तसलं काही नाही, आजोबा."

"नाही ते दिसतंय. का नाही ते विचारतोय."

तो माणूस शिडी आवरत हसला. "मीटर आमचा आहे ना."

"आणि भिंत तिची आहे," अर्नी म्हणाला. पण गाडी तोवर सुरू झाली होती.

त्यानंतरच्या शरद ऋतूत घराला पाणी आणणारी तांब्याची नळी गळायला लागली. प्लंबर बोलावणं क्लेमच्या रक्तात नव्हतं. खोऱ्यात कुणाच्याच नव्हतं. एका रविवारी तो आणि अर्नी फावडी घेऊन उतरले, जमिनीतली जुनी नळी त्यांनी उपसून काढली आणि काळी प्लास्टिकची नळी घातली. नोला त्यांना बिअर आणि सॉसेज नेऊन देत होती.

"ही बघ," क्लेम म्हणाला, "आपण दोघं मातीत गेलो तरी हिला काही होणार नाही."

"तुम्हाला जमतंय ना नीट?" नोलाने विचारलं.

"अगं, पाण्याची नळी आहे. बाँब नाही."

पाणी झकास येऊ लागलं. गोठ्यातली जमिनीत ठोकलेली सळई गंजून तुटली होती, तिच्याकडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नाही. ती काही गळत नव्हती.

जुलैमधली, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यातली गोष्ट. रात्रभर वारा घोंगावला होता. पहाटे दोघं थर्मासातला चहा पिऊन, गमबूट चढवून थेट गोठ्यात गेली. कुरणावर दहिवर गोठलं होतं. डॉटी ही कळपातली म्हातारी गाय; ती आधी आत शिरायची आणि मग बाकीच्या. त्या दिवशी डॉटी काँक्रीटच्या कडेशी येऊन थबकली. एक पाय पुढे टाकला आणि झटकन मागे घेतला. मान खाली घालून तिने काँक्रीट हुंगलं.

"चल गं बाई," नोलाने तिच्या पुठ्ठ्यावर थाप मारली. डॉटी हलेना. मागच्या गाई हंबरायला लागल्या.

"पाय दुखावला असेल," क्लेम ओरडला.

"मग बाकीच्यांचे पण दुखावलेत का?"

खरंच, एकही आत यायला राजी नव्हती. ढकलून, हाका मारून कशाबशा शिरल्या त्या सारख्या पाय उचलत होत्या. दूध उतरेना. दूध काढायच्या यंत्राचा पंप सुरू झाला की दिवे मिणमिणे व्हायचे आणि मग पुन्हा उजळायचे. नोलाने ओल्या जमिनीकडे पाहिलं. तिला स्वतःला काहीच जाणवत नव्हतं.

"क्लेम, काहीतरी आहे इथे."

"काय आहे? भूत?" क्लेमने कंबर दाबली. त्याचं खुब्याचं हाड थंडीत फार दुखायचं. "तू घाबरतेस ना, ते जनावरांना कळतं. आवर आता. मला गरम पाण्यात पडायचंय."

गाई बाहेर सोडल्यावर नोला हौदाशी उभी राहिली. दूध दिल्यावर गाई हौदावर तुटून पडतात. त्या दिवशी डॉटी हौदाशी गेली, पाण्याला तोंड लावलं आणि कुणी मुस्काटात मारावी तशी मान मागे फेकली. मग लांब उभी राहून पाण्याकडे बघत राहिली. तहानलेली होती, तरी पुढे येईना.

नोलाने धावत जाऊन मीटरची पेटी उघडली. हिरवा दिवा डोळा मिचकावत होता. पडद्यावर वापराचा आकडा होता, थोड्या वेळाने तारीख आली, मग वेळ, मग पुन्हा तोच आकडा. विजेचा दाब त्याला ठाऊक असणारच, पण तो तिच्याशी बोलत नव्हता. चकती असती तर निदान तिच्या चालीवरून तर्क करता आला असता.

घरात फोनला रेंज नव्हती. खोऱ्यात कुणालाच नव्हती. रेंज मिळायची ती टेकडीच्या माथ्यावर, अर्नीच्या कुंपणाशी. नोला पिकअप घेऊन वर गेली. क्लेमला नुसतं "आलेच" म्हणाली. नीट सांगितलं असतं तर तो हसला असता.

कंपनीचा फोन बराच वेळ गाणं वाजवत राहिला. मग एक गोड आवाज आला. "बोला मॅडम."

"आमच्या विजेत काहीतरी बिघाड आहे. मीटर काय म्हणतो ते बघा ना जरा."

"एक मिनिट हं. तुमची परवापर्यंतची नोंद आली आहे. सगळं व्यवस्थित दिसतंय."

"परवा व्यवस्थितच होतं. आजचं सांगा."

"कालची अजून यायची आहे, मॅडम. तुमच्याकडे टॉवरचा सिग्नल अशक्त दिसतो. आजची उद्या येईल."

"अहो, मीटर माझ्या भिंतीवर आहे! मी आत्ता त्याच्यासमोर उभी होते!"

"हो, पण आम्हाला इथे दिसल्याशिवाय... तुम्हाला स्वतःला शॉक बसलाय का?"

"मला नाही. गाईंना."

"गाईंसाठी पशुवैद्यांना फोन केलात का?"

नोलाचे डोळे भरून आले. ती रागाने रडायची, लहानपणापासून. "माणूस पाठवा," ती म्हणाली. "मी वेडी आहे असं लिहा हवं तर, पण माणूस पाठवा."

"दुपारपर्यंत येईल, मॅडम."

कुंपणापलीकडे अर्नी तार ताणत होता. त्याने हातातली पक्कड खाली ठेवली. "काय गं, कुणावर ओरडतेस सकाळी सकाळी?"

नोलाने सांगितलं. डॉटीचा पाय, मिणमिणणारे दिवे, हौद. ती बोलत होती आणि अर्नीचा चेहरा उतरत चालला होता.

"तुला काही जाणवलं नाही?"

"नाही."

"गमबूट आहेत तुझ्या पायात. रबर. गाई अनवाणी असतात." तो कुंपणाच्या खांबाला धरून उभा राहिला. "नोला, वीज घरात येते तशी तिला परत जावं लागतं. परतीची तार खांबावर तुटली असेल तर ती मिळेल त्या वाटेने जाते. नळातून, हौदातून. तसं झालं तर ती जमिनीत उतरून जावी म्हणून तर..."

"म्हणून काय?"

"गोठ्यात सळई असते, आणि जुन्या घरांत अर्थिंग पाण्याच्या नळीलाही जोडलेलं असायचं. तांब्याच्या नळीला."

ती नळी अर्नीनेच उपसली होती. ती अजून त्याच्या शेडमागे पडली होती, भंगारात द्यायची म्हणून.

"क्लेम कुठंय?" अर्नीने विचारलं.

क्लेम अंघोळीला निघाला होता. ओतीव लोखंडाचा तो जुना टब, पितळेचे नळ, ओली फरशी. आणि गमबूट घरात आणायचे नाहीत, हा तिचाच नियम. चाळीस वर्षांत तिने किती वेळा ओरडून सांगितलं असेल: बूट दाराबाहेर, क्लेम, बूट दाराबाहेर!

टेकडी ती कशी उतरली ते तिला पुढे कधी आठवलं नाही. फाटक उघडायला ती थांबली नाही एवढं खरं, कारण नंतर ते मोडलेलं सापडलं. घराशी गाडी थांबली तेव्हा न्हाणीघरातून रेडिओ कोकलत होता. घोड्यांच्या शर्यती. क्लेमला कमी ऐकू यायचं. कानातलं यंत्र काढून ठेवलं की तो रेडिओ सगळ्या खोऱ्याला ऐकवायचा. नळाचं पाणीही धो धो पडत होतं.

"क्लेम! नळाला हात लावू नकोस! क्लेम!"

रेडिओवर घोडे धावत होते. मागच्या दाराशी नोलाने पाहिलं. पायपुसण्यावर क्लेमचा एकच बूट होता.

आत धावावं असं तिला झालं. पण आत जाऊन त्याला धरलं आणि तो नळाला चिकटलेला असला तर? हे सगळं तिला क्षणात कळलं असं नाही. पाय आपोआप दुसरीकडे वळले एवढंच. दाराशी झाडूचा लाकडी दांडा होता. तो घेऊन ती पेटीकडे गेली. पत्र्याला हात लावायची छाती होईना. दांड्यानेच पेटीचं दार उचकटलं, दांड्यानेच मीटरशेजारचा मेन स्विच चाचपला. दांडा दोनदा हिरव्या दिव्यावरच आपटला. मग स्विच खाली गेला.

रेडिओ बंद झाला. हिरव्या दिव्याकडे तिने पाहिलं नाही. ती ऐकत होती. पाणी पडत होतं. दुसरा कसलाही आवाज नव्हता. भिंतीला कान लावायला ती पुढे झाली आणि भिंतीचीच भीती वाटून मागे सरली. आयुष्यात तिने पुष्कळ भीती पाहिली होती, पण ती पाणी पडण्याच्या आवाजाची कधी नव्हती.

"अगं ए म्हातारे!" आतून आवाज आला. "वीज का घालवलीस? माझा घोडा पुढे होता!"

नोला तिथेच चिखलात बसली.

क्लेम बाहेर आला तो कमरेला टॉवेल, एका पायात गमबूट आणि दुसरा पाय अनवाणी. एक बूट दाराशी निघाला होता. दुसरा सुजलेल्या पायात अडकला, तसाच लंगडत तो आत गेला होता. बूट घातलेल्या पायावर भार देऊन त्याने एका हाताने नळ सोडला होता आणि टबाच्या लाकडी फळीवर बसून बूट ओढत होता. "नळ सोडताना कोपरापर्यंत मुंग्या आल्या," तो म्हणाला. "मला वाटलं थंडीने." आणि मग बायकोचं तोंड पाहून, "फरशी पुसतो की मी. एका बुटासाठी एवढं रडतात का?"

कंपनीचा माणूस दुपारी आला. खांबावरची परतीची तार जवळजवळ सगळी तुटली होती, एकदोन धाग्यांवर लोंबत होती. तो भला माणूस होता. खाली उतरल्यावर त्याने टोपी काढली. "तुमच्या मीटरला काल रात्रीच कळलेलं असणार. दाब वरखाली झाला की तो नोंदवतो. पण ऑफिसात पोहोचायला वेळ लागतो."

"त्याने मला सांगितलं असतं तर?" नोलाने विचारलं.

"कुठून सांगणार? त्याला घराकडे तोंडच नाही."

अर्नी जवळच उभा होता. एरवी त्याने हॉलंडच्या भाच्याची गोष्ट काढली असती. तो लवकरच टेकडीकडे चालायला लागला. दुसऱ्या दिवशी तो फावडं, अर्थिंगसाठी तांब्याची नवी सळई आणि गावातला परवानाधारक वायरमन घेऊन आला. सळई जमिनीत जाईपर्यंत तो गुडघ्यांवर बसून होता. त्या दिवशी त्याने चहासुद्धा घेतला नाही.

पुढे कंपनीने मीटरबद्दल लोकांचं म्हणणं ऐकायला क्लबाच्या हॉलमध्ये सभा बोलावली, तेव्हा नोला उठून उभी राहिली. चारचौघांत बोलायची तिची पहिलीच वेळ. तिला एवढंच सांगता आलं, की मीटरला एक सॉकेट ठेवा, तार मी आणते. मग ती खाली बसली. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. कंपनीच्या माणसांनी तिचं म्हणणं टिपून घेतलं. अजून तरी काही झालेलं नाही.

म्हणून हल्ली रोज सकाळी, दूध काढून झालं की नोला हौदाशी उभी राहते. डॉटी येते, पाण्याला तोंड लावते आणि पोटभर पिते. तिचं पिणं पुरतं होईपर्यंत नोला हलत नाही. मग घराकडे वळून ती हात वर करते, आणि मागच्या दाराशी थांबलेला क्लेम आत जातो. दोन्ही पायांत गमबूट घालून.