मंडईला आले म्हणजे पसंत?

आमगावपलीकडे माझी बहीण दिली आहे. तिच्या गावी दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते. बाजारचौकात दंडारीचं लोकनाट्य, भोवती जिलेबीची दुकानं आणि घरोघरच्या ओसरीवर सोयरिकीच्या गोष्टी. यंदा गोष्ट माझ्या भाचीची होती. ती नागपुरात कॉम्प्युटर शिकते, शेवटचं वर्ष आहे. तिरोड्याकडचे लोक तिला पाहून गेले होते आणि निघताना मुलाच्या वडिलांनी दारात सांगितलं होतं, "पोरगी पसंत असन, तर मंडईले येऊ."

आणि ते आले की हो! बहिणीनं कोंबडीचं पातेलं बदलून मोठं चढवलं. भाऊजींनी नारळ आणि साडी काढून ठेवली. आजच पक्कं करायचं. मी मामा, दंडारीतल्या राजासारखा छाती काढून फिरत होतो.

भाचीनं मला मागच्या अंगणात ओढलं. "मामा, माझा पेपर बाकी आहे. मले कोणी विचारलं? अन् ते आले म्हणून पसंत, हे कसं निघते?"

"त्यांनीच सांगितलं ना!"

"त्यांनी उलटं सांगितलं. पाहा." तिनं चुलीजवळच्या राखेत काडीनं ओळी ओढल्या. "पसंत अन् आले: शब्द खरा. पसंत अन् नाही आले: शब्द खोटा. पसंत नाही अन् आले?"

मी डोकं खाजवलं. "तरी शब्द मोडला नाही."

"मंग! ते आले, शब्दही खरा, तरी पसंत नसू शकते. कॉम्प्युटरले एवढंच ज्ञान दिलं तर तो म्हणन, पसंत आहे हे यातून निघत नाही."

मी तडक ओसरीवर गेलो आणि पाहुण्यांना, म्हणजे मुलाच्या वडिलांना, विचारलं, "पसंत नसती, तर आले नसते ना?"

"काऊन नाही?" ते हसले. "माही साळी, बायकोची बहीण, याच गावात दिली आहे. मंडईले तर येतोच. पण पोरगी पसंत आहे बरं!"

मी धावत परत. "तू हरली! पसंत आहे!"

"असन. खरं आहे, पण त्या वाक्यातून निघत नव्हतं. तुम्ही विचारलं म्हणून समजलं."

म्हणजे आमचा निष्कर्ष खरा, तरी चूक! मी चुलीजवळच्या पाटावर बसूनच घेतलं. ती मात्र सरळ ओसरीवर गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मी पास झाली, तर लग्नाचा विचार करीन."

"झालं! पास झाली का पक्कं!" भाऊजींनी नारळ उचलला.

"बाबा, विचार करीन म्हटलं. 'हो' म्हटलं नाही."

"अन् नापास झाली तं?" पाहुण्यांनी घाबरून विचारलं. "मंग विचारच नाही?"

"त्याचं मी काहीच बोलली नाही, काकाजी."

पाहुणे माझ्याकडे, मी भाऊजींकडे, भाऊजी नारळाकडे. शेवटी पाहुणेच म्हणाले, "निकाल लागू द्या. आम्ही थांबून राहू." साडी कपाटात परत गेली आणि भाची पुस्तकं घेऊन नागपूरला.

बहीण अजून फोन करते, "दादा, तू तं होता तिथं. पोरगी हो म्हणाली का नाही म्हणाली?"

"दोन्ही नाही," मी सांगतो.

"तुलेही तिनं बिघडवलं," म्हणते आणि फोन ठेवते.