खालच्या आळीची गटार

म्युनिसिपालटीत कामं तुंबतात तसे किस्सेही तुंबतात. कामं कुणी उपसत नाही, म्हणून किस्से तरी मी उपसतो. माझी शाळा अर्ध्यातच सुटलीय, त्यामुळं वडीलधाऱ्यांचा मान ठेवायचा धडा राहूनच गेला!

आमचं गाव वैरागच्या वाटेवर, उतारावर वसलेलं. वरच्या आळीत मेंबर, खालच्या आळीत आम्ही, कापडं रंगवणारे रंगारी. वरची सगळी घाण आमच्या दारात. दर उन्हाळ्यात एखादं पोर तापानं जायचं. पक्की गटार बांधा आणि ती ओढ्याला काढा, एवढंच आमचं मागणं.

*

गावात रॉकेलचे सहा दिवे आले. सहाही मेंबरांच्याच दारांत लागले! मी विचारलं, "खालच्या आळीचा दिवा कुटं हाय?"

प्रेसिडेंट आप्पा मिशीवर हात फिरवत म्हणाले, "आरं, गाऱ्हाणं घेऊन तुमी येणार आमच्याकडंच. मग आमचं दार दिसाया नको व्हय?"

*

पुढच्या इलेक्शनला आम्ही माझ्या गंगाआत्याला उभी केली आणि निवडूनही आणली! मीटिंगला बाई येणार म्हणून म्हाताऱ्यांनी खोलीत मध्येच पडदा बांधला. आत्यानं तो एका हिसक्यात ओढला.

"मला कशाला पडदा? गावाला तोंड दाखवायची लाज तुमाला वाटाय पायजे. तुमीच बसा की आत!"

पडदा ती घरी घेऊन आली. त्याची दोन झबली झाली.

*

तात्या नावाचे सगळ्यात जुने मेंबर मीटिंगभर घोरायचे. शांतता झाली की दचकून "मंजूर!" म्हणायचे. एकदा एका मेंबराच्या निधनाचा दुखवटा होता. सगळे मान खाली घालून गप्प उभे. तात्या खुर्चीतूनच ओरडले, "मंजूर!"

आत्या म्हणाली, "गटारीचं इचारलं की बरं जागं असता!"

*

कलेक्टरसाहेब येणार, म्हणून आमची आळी झाकायला मेंबरांनी तिच्या तोंडाशी हिरव्या डहाळ्यांची भिंत उभी केली. साहेब यायच्या आत शेळ्यांनी ती फस्त केली! साहेबानं नाकाला रुमाल लावून विचारलं, "व्हॉट इज धिस?"

आप्पा ताठ उभे. "रिव्हर, सर!"

साहेब हसला नाही. ही नदी कुठून निघते ते म्युनिसिपालटीच्या बोर्डानं स्वतः जाऊन बघावं, असा हुकूम सोडून गेला.

*

मग सगळं बोर्ड आमच्या आळीत आलं, धोतरं गुडघ्यापर्यंत उचलून. आप्पांनी उपरण्यात नाक खुपसून निकाल दिला, "हे पाणी तुमा रंगाऱ्यांचंच हाय. माझ्या घरचं थेंबभर सुदीक हितं येत न्हाय. आलं तर गटार मी बांधून देतो, माझ्या खर्चानं!"

"समद्यांनी ऐकलं न्हवं?" आत्या म्हणाली.

तेवढ्यात उतारावरून निळीशार धार आली. आप्पांच्या घराच्या कडेनं निघालेली, वाकडीतिकडी वळत ती थेट मेंबरांच्या पायांत! धोतरांवर निळे शिंतोडे.

आप्पा गरजले, "कुणी ओतली ही नीळ? कुणाची हिंमत झाली?"

वर, त्यांच्याच दारात, त्यांची बायको उभी होती. पदर खोचलेला, हातात रिकामी घागर.

"अवं, मी! आपल्याच न्हाणीत वतली. आजून एक घागर हाय. सोडू?"