उलटी बसवलेली क्लिप

मुरबाडला मी गुरांचा डॉक्टर होतो तेव्हा खात्याने मला एक मोटारसायकल दिली होती. एकोणीसशे साठच्या पुढची दोन-तीन वर्षं असतील. गाडी साडेतीनशे सीसीची, काळी, अंगाने जड, आणि सकाळी चालू करताना अख्ख्या आळीची झोप मोडणारी. माझ्याआधीचे डॉक्टर सायकलवर आणि पायी फिरायचे. निम्मा मुरबाड तालुका आणि वर किन्हवली-डोळखांबकडचा शहापूरचा भाग एका माणसाने पायी कसा सांभाळला असेल, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मला गाडी मिळाली, मी बसलो.

त्या गाडीचा एक उपयोग खात्याच्या ध्यानीमनी नव्हता. डोळखांबच्या पुढे रानातून वाट चढत जाते, खिंड लागते, आणि खिंडीपलीकडे उतारावर पाडे पसरलेले आहेत. खिंडीत गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली की तिचा आवाज पार पलीकडे पोचायचा. पहिल्या पाड्यावरचा कुणीतरी तो ऐकून तोंडाशी हात धरायचा आणि लांबलचक कुकारा द्यायचा. तो ऐकून दुसऱ्या पाड्यावरचा, मग तिसऱ्यावरचा. मी खाली उतरेपर्यंत पाड्याबाहेरच्या उंबराखाली गुरं आणून उभी केलेली असायची. दवंडी नाही, नोटीस नाही. एखाद्या जीपचा आवाज आला तर हीच माणसं दारूबंदीवाले आले समजून रानात पसार व्हायची. माझा आवाज मात्र त्यांना चालायचा. याची मला थोडी घमेंड होती, नाही कशाला म्हणू?

मे महिना लागायच्या सुमारास गाडीची चेन सैल पडली, चक्राच्या दातांवरून सुटायला लागली. ज्या डीलरकडून खात्याने गाडी घेतली त्याच्याच वर्कशॉपमध्ये दुरुस्ती करायची असा नियम होता. हा डीलर कल्याणला. मुरबाडच्या भाताच्या गिरणीत इंजिन सांभाळणारा एक फिटर होता, तो म्हणाला होता, "डाक्टर, नवी चेन आणा, मी घालून देतो." पण नियम तो नियम. शिवाय, आज सांगायला हरकत नाही, मला ते वर्कशॉप आवडायचं. तिथे गेलं की खुर्ची पुसून द्यायचे, कपबशीतून चहा यायचा, आणि मोठा मिस्तरी स्वतः येऊन "या साहेब" म्हणायचा. आमच्या दवाखान्यात मला बसायला स्टूल होतं.

नवी चेन घातलेली गाडी घ्यायला गेलो त्या दिवशीही चहा आला. चहाबरोबर छापील कागद आला. 'काम पाहिले, समाधान झाले' असं त्यावर होतं आणि खाली सहीची जागा. मी एका हातात बशी धरून दुसऱ्या हाताने सही केली. काम पाहिलं नव्हतं. समाधान तेवढं झालं होतं.

चेनबद्दल एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. चेनची दोन टोकं एका कडीने जोडतात आणि ती कडी निसटू नये म्हणून तिच्यावर नखाएवढी पोलादी क्लिप बसवतात. क्लिपची एक बाजू बंद असते, दुसरी उघडी. बंद बाजू चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला ठेवायची. उलटी बसवली तर खडबडीत रस्त्यावर कधीतरी ती उडते आणि चेन उघडते. पाच मिनिटांचं काम आणि एवढीच त्यातली अक्कल. कल्याणच्या मिस्तरीने ती उलटी बसवली होती. मला हे अर्थात नंतर कळलं.

त्या दिवशी मी कल्याणच्या कारखान्यातून बर्फ घेतला, मोठ्या थर्मासमध्ये घटसर्पाच्या लसीच्या बाटल्या बर्फात रोवल्या आणि थर्मास मागच्या कॅरिअरला बांधून थेट डोळखांबकडे निघालो. घटसर्प पाऊस लागला की येतो. जनावराचा गळा सुजतो, श्वास घुसमटतो, आणि धडधाकट बैल एका दिवसात आडवा होतो. आधी सुई टोचली तर वाचतो. पाऊस जवळ आला होता. बाकीची गावं माझी टोचून झाली होती, खिंडीपलीकडचे पाडे तेवढे राहिले होते.

खिंड अर्धी चढलो असेन. दुसरा गिअर, नेहमीचा आवाज. पलीकडून पहिला कुकाराही ऐकू आला. तेवढ्यात खाली खाडकन काहीतरी फुटलं आणि मागचं चाक जागच्या जागी आवळलं. गाडी आडवी, मी धुळीत, आणि थर्मास दगडावर. उघडी पडलेली चेन पुढच्या चक्राशी गोळा होऊन अडकली होती आणि तिने इंजिनाचं अॅल्युमिनियमचं कवच फोडलं होतं. फटीतून काळं तेल गळत होतं. थर्मासच्या आत काच, बर्फ आणि लस एक झालं होतं. माझा गुडघा फुटला होता त्याकडे लक्षही गेलं नाही. मी त्या गाडीला, मिस्तरीला आणि त्याच्या खानदानाला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

कुकारा गेला, गुरं जमली आणि डॉक्टर आला नाही, म्हणून पाड्यावरचा एक म्हातारा खिंड चढून बघायला आला. त्याला मी ओळखत होतो. त्याच्याकडे एक पांढरा आणि एक तांबडा अशी बैलजोडी होती, म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेतून आणलेली, आणि तिच्याबद्दल तो बायकोबद्दल बोलला नसेल इतकं बोलायचा. त्याने गाडीकडे बघितलं, थर्मासकडे बघितलं.

"आता सुई?" त्याने विचारलं.

"आज नाही. लस सांडली. पुन्हा आणतो."

"पावसाआदी आणा. मंग ही कशी न्यायची?"

तो परत गेला आणि बैलगाडी घेऊन आला. चौघांनी मिळून मोटारसायकल गाडीत चढवली, पेंढ्यात रोवली, सुंभाने बांधली. पांढऱ्या-तांबड्याने ती आटगाव स्टेशनापर्यंत ओढली. कच्च्या वाटेने तिथवर पोचायला पुरता दिवस गेला. वाटेत त्याने दोनदा बैल सोडले, दोन्हीदा आधी त्यांना पाणी पाजलं आणि मग मला दिलं. आटगावला गाडी कल्याणसाठी पार्सलच्या डब्यात चढवून मी त्याचे आभार मानायला लागलो, तर तो म्हणाला, "तुमी फकस्त पावसाआदी या." येतो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी कल्याणला जाऊन मी मिस्तरीच्या हातात ती कडी ठेवली. क्लिप उडून गेली होती, पण कडीवर ती घासल्याची खूण होती आणि खूण उलट्या बाजूला होती. मिस्तरीने कडी उलटसुलट करून बघितली आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, रस्ता खराब. आमचा काय दोष? तुमची सही आहे, काम पाहिले, समाधान झाले." माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या दिवशी चहा आला तो मी घेतला नाही, एवढंच काय ते माझ्या हातात होतं.

इथून पुढचं मी अनेक वर्षं लोकांना वेगळं सांगत आलो. डीलरने रखडवलं, असं सांगायचो. त्याने रखडवलं हे खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही.

झालं असं, की आठवड्याच्या आत लस पुन्हा आली. माझ्या हाताखाली एक पट्टीबंधक होता, जनावरांच्या जखमा बांधणारा, पोक्त माणूस. तो म्हणाला, "साहेब, एस.टी.ने डोळखांबला जाऊ, पुढे चालत. दोन दिवसांचं काम." मी म्हणालो, चालत गेलो तर आवाज नाही, आवाज नाही तर कुकारा नाही, आणि आपण पोचेपर्यंत गुरं डोंगरात गेलेली असणार. तो म्हणाला, "बाजाराच्या दिवशी निरोप देऊ. बांधून ठेवतील." मी म्हणालो, बघू. गिरणीतला फिटरही घरी येऊन गेला. कल्याणहून गाडी आणा, फुटलेलं कवच मी एका दिवसात सांधून देतो, चार पावसाळे जातील, म्हणाला. त्यालाही मी नको म्हणालो. कवच सांधलं की पुरावा गेला. गाडी खात्याची. नासधुशीचा ठपका उद्या माझ्यावर आला तर? हे कारण अगदीच खोटं नव्हतं. पण खरी गोष्ट अशी, की मला गाडीपेक्षा मिस्तरीची कबुली हवी होती. चूक आमची, असं त्याने लिहून द्यावं, त्यांच्याच छापील कागदावर, त्यांच्याच शिक्क्यासकट. मी सही केली तशी त्यालाही करायला लावणार होतो.

मग पत्रं सुरू झाली. मी एक लिहायचो, उत्तर यायचं, मी त्याहून कडक लिहायचो. पट्टीबंधक रोज सकाळी लसीचा डबा ओल्या गोणपाटात ठेवायचा आणि माझ्याकडे बघायचा. मी लिहीत असायचो. मधे एकदा नवं कवच बसवून गाडी तयार झाल्याचा निरोप आला. मी जाऊन आधी चेनवरचं झाकण काढायला लावलं. क्लिप पुन्हा उलटी होती. माणसाने हसावं की कपाळ बडवावं? मी तिथेच आरडाओरडा केला, गिऱ्हाइकं जमवली, आणि गाडी न घेता परत आलो. क्लिप फिरवायला पाच मिनिटं लागली असती. मी ती फिरवू दिली नाही. त्या दिवशी संध्याकाळी मुरबाडला उतरलो तेव्हा मी फार खूष होतो.

शेवटी डीलर वैतागला. कागद मिळाला: चेनची क्लिप आमच्या वर्कशॉपमध्ये चुकीच्या दिशेने बसवली गेल्याने नुकसान झाले, खाली मिस्तरीची सही आणि शिक्का. तो मी दोनदा वाचला, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि क्लिप सुलटी बसवलेली गाडी घेऊन निघालो. तोवर पाऊस लागून दहा-बारा दिवस झाले होते.

नवा थर्मास, नवा बर्फ. खिंडीत चिखलामुळे गाडी घसरत होती, पण दुसऱ्या गिअरमध्ये आवाज तोच होता. पलीकडून कुकारा आला. मला इतकं बरं वाटलं की मी गाडीवर बसल्या बसल्या एकटाच हसलो. उतरलो तर उंबराखाली गुरं उभी, माणसं इरली घेऊन भिजत उभी, सगळं नेहमीसारखं. फक्त गुरं कमी होती. किती कमी ते मी विचारलं नाही. पट्टीबंधक चालत मागून येणार होता, तोवर मीच सुया उकळल्या आणि एकेक जनावर पुढे घ्यायला लागलो.

म्हातारा शेवटी आला. त्याच्या हातात एकच दावं होतं. तांबडा.

मी काही म्हणायच्या आत तोच म्हणाला, "पांढरा परवा गेला. गला सुजला व्हता." तांबड्याचं तोंड त्याने स्वतःकडे वळवून धरलं, म्हणजे मला मान मोकळी मिळावी. मग दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं म्हणाला, "रोज दीस वर येईस्तवर गुरं सोडत नवतो. कान देऊन बसायचो. आवाज नाय आला."

त्याची बैलगाडी झोपडीच्या कुडाला लागून होती, जू जमिनीवर टेकलेलं. मागच्या फळीवर माझ्या गाडीच्या तेलाचा डाग तसाच होता. पलीकडे त्याचं शेत, पाणी भरलेलं, नांगर न फिरलेलं. एका बैलाने नांगर ओढवत नाही, हे गुरांच्या डॉक्टरला सांगावं लागत नाही. मला लाज वाटली. सुई एकदा चुकली. काहीतरी सांगायला हवं म्हणून मी खिशात हात घातला. तिथे कागद होता. भिजून मऊ झाला होता, पण शिक्का शाबूत होता. चूक कुणाची ते त्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. मी हात तसाच बाहेर काढला.

म्हाताऱ्याने मोटारसायकलकडे मान करून विचारलं, "बरी झाली ना गाडी?"

"झाली," मी म्हणालो, आणि पुन्हा सुई भरली.