दारावरची कप्पी

काकाचा मला अजून राग येतो. तो गेला, तरी येतो.

आमचं घर पालघरजवळच्या माहीमच्या कोळ्यांचं. आई मासळीची पाटी घेऊन पालघरच्या बाजारात बसायची. एकदा बंदरावरच्या शेवाळावरून ती घसरली आणि उजव्या खांद्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण हात वर जाईना. हात वर गेला नाही तर पाटी डोक्यावर चढणार कशी, हीच तिची काळजी.

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला आणि काकाला नीट समजावलं होतं. दाराला हलकी कप्पी टांगायची, तिच्यावरून मऊ दोरी सोडायची, चांगल्या हाताने खाली ओढलं की दुखरा हात आपोआप वर जातो. वजन अजिबात नको. दुखलं की थांबायचं. मी तेव्हा बोईसरला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होते. सुटल्यावर बाजारात गेले आणि बोटाने फिरवून, कुठे अडत नाही ना बघून, छोटी कप्पी घेतली. सोबत सुती दोरी.

घरी येऊन बघते तर काकाने दारात होडीची कप्पी टांगलेली. लाकडी, बोजड, खाऱ्या पाण्याने करकरणारी. तिच्यातून नायलॉनचा राठ दोर आणि टोकाला जाळ्याचा दगड. आई ओठ दाताखाली धरून दुखऱ्या हाताने तो दगड वर ओढत होती.

"दगड सोड आधी," मी काकाला म्हणाले.

"वजन नाय तर जोर येल कसा? आमचे हात असेच झाले. तुजी आय कोळीन हाय."

दिराने असं म्हटल्यावर आई कसली थांबते. तिने आणखी एक हिसका दिला आणि किंचाळून खाली बसली.

होडीची एक फळी बदलायची तर हा माणूस गावभर विचारत फिरायचा, लाकूड ठोकून बघायचा. वहिनीच्या खांद्याला मात्र घरात पडलेलं काहीही चालत होतं. संतापाने मी ती कप्पी खाडीत भिरकावली. ओहोटीला काका गुडघाभर चिखलात उतरला, शोधून घेऊन आला, आणि ओट्यावर बसून तिला तेल लावलं. आई आत कण्हत होती.

नंतर मी आणलेली कप्पी लावली, पण आईचा हात खांद्याच्या वर कधीच गेला नाही. पाटी डोक्यावर चढवायला ती रोज शेजारणीला हाक मारायची. काका ओट्यावरच जाळं विणत बसलेला असायचा. त्याला तिने कधी हाक मारली नाही.