चाचांच्या पासपोर्टचं पहिलं पान

मंगरूळपीरच्या बसस्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. आमच्याकडे कागद महत्त्वाचा असला की त्याला आधी प्लॅस्टिक चढतं. आधार, रेशनकार्ड, दहावीची मार्कशीट, काही म्हणून सुटत नाही. एका बाईनं तर लेकीची लग्नपत्रिकाही करून नेली. या कामात माझा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही, असं मी खुशाल सांगत फिरायचो.

शेजारी शिलाईचं दुकान चालवणारे चाचा त्या दुपारी चाचीला घेऊन आले, हातात दोघांचे कोरे करकरीत पासपोर्ट. त्यांचा एकुलता एक मुलगा परदेशी प्रवासी जहाजावर स्वयंपाकी आहे. दोन वर्षांत घरी आला नव्हता. त्याचं जहाज मुंबईहून श्रीलंकेला जाऊन परत येणार होतं आणि त्या फेरीत त्यानं आईबापांना बोलावलं होतं. चाचांनी स्वतःसाठी नवा सफारी शिवला होता.

"पोरगा रोज फोनवर सांगते, अब्बा, कागद सांभाळा," चाचा म्हणाले. "याले पक्कं करून दे."

मी चाचांच्या पासपोर्टचं फोटोचं पान फिल्ममध्ये घातलं, मशीनमध्ये अर्धवट सरकवलं, उलटं ओढलं आणि कडा ब्लेडनं कापल्या. पान जरा लहरलं, फोटोही किंचित पसरला, पण चमकत होतं छान. चाचीचा पासपोर्ट हातात घेतला आणि लाईट गेली.

"राहू दे बाप्पा," चाची म्हणाली. "माह्या पासपोर्टाले कोन पाह्यते!"

मुलानं पाठवलेले बुकिंगचे कागदही मीच छापून दिले. मुंबईची माहिती मला जास्त, म्हणून त्यांना पोचवायलाही मीच गेलो.

बंदरावरच्या काउंटरवरच्या मुलीनं चाचीचा पासपोर्ट पाहून हसून परत दिला. चाचांचा मात्र उजेडात धरला, नखानं प्लॅस्टिक चाचपलं आणि साहेबाला बोलावलं. साहेब वयस्क होता, बोलायलाही नरम. म्हणाला, पान खराब झालंय, हा पासपोर्ट चालणार नाही. मी भडकलो. अहो, खराब कसलं, पक्कं केलंय! त्यानं आमच्याच बुकिंगच्या कागदाचं दुसरं पान उलटून दाखवलं. पासपोर्ट सुस्थितीत आहे की नाही हे पाहणं प्रवाशाची जबाबदारी, असं इंग्रजीत स्वच्छ लिहिलेलं. ते पान माझ्या मशीनमधून निघालं होतं आणि मी एक ओळ वाचली नव्हती. मला तिथंच रडू फुटलं.

"तू कायले रडून राह्यला?" चाचा म्हणाले. "पासपोर्टावर नाव माहं आहे. वाचून घ्याचं काम माहं होतं."

मुलाला पाच मिनिटं खाली पाठवता येईल का, एवढंच त्यांनी विचारलं. साहेबानं दोनदा फोन लावून पाहिला. जहाज सुटेपर्यंत स्वयंपाकघरातून कोणाला सोडत नव्हते.

चाची परत फिरायला निघाली. तिनं आयुष्यात अकोल्यालासुद्धा एकटीनं प्रवास केला नव्हता. चाचांनी तिच्या हातात शेवयांचा डबा दिला. "दोघं वापस गेलो त थो काय समजंल? जाय तू," म्हणाले आणि तिला दारापर्यंत सोडून आले.

आठवडाभर चाचा मुंबईत नातलगाकडे थांबले. जहाज परत आलं, पण त्याच संध्याकाळी ते पुढच्या फेरीला निघणार होतं. मुलाला उतरू दिलं नाही. चाची एकटीच बाहेर आली.

गावी आल्यावर मी दुकानात पाटी लावली: पासपोर्ट लॅमिनेट करून मिळणार नाही. चाचीनं ती वाचली. "त्या दिवशी लाईट गेली म्हनून म्यां पोराले पाह्यलं," एवढंच म्हणाली.

चाचांनी नव्या पासपोर्टसाठी अर्ज केलाय. जहाज परत मुंबईला कधी येईल, ते मुलालाही ठाऊक नाही. तोवर चाचा चाचीला एकेक गोष्ट विचारत असतात. बारीक झाला का, केस पिकले का. परवा माझ्या दुकानात दोघं चहा घेत होते.

"आन थो जेवते कसा? अजून उभ्या उभ्याच?"

चाचीनं बशीत चहा ओतला. "म्यां त्याले जेवतानी पाह्यलंच नाही. रोज मलेच वाढून राह्यला होता."

"मी असतो त हाताले धरून बसवला असता," चाचा म्हणाले आणि चहा तसाच ठेवून शिलाईला निघून गेले.